संगणकांच्या ताफ्याचे सुकाणू : 'हेल्म'ची ओळख

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या यवत गावात मी पाटीवर पहिली अक्षरे गिरवली, त्याच गावात आज मला चार शब्द बोलण्यासाठी बोलावले, ह्याबद्दल मी संस्थेची मनापासून आभारी आहे. मला विषय निवडण्याची मुभा होती. मुलींचे शिक्षण, समाजाची प्रगती ह्या विषयांवर बोलावे असे काहींनी सुचविले. त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे व्यासपीठावर बसलेली आहेत. तेव्हा मी ठरविले, की आपण रोज जे काम करतो तेच सांगावे. "ताई, तुम्ही पुण्याला कॉम्प्युटरवर नक्की काय करता?" हा प्रश्न मला यवत स्टेशनावर गाडीची वाट पाहताना अनेकांनी विचारला आहे. त्याचे नीट उत्तर मी आजवर दिले नव्हते. ते आज देते. ज्यांना हे भाषण ऐकता आले नाही, त्या स्मरणिकेच्या वाचकांनीही ते आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.

स्टेशनावरूनच सुरुवात करू. आपल्या लोहमार्गावरून लोखंडी पेटारे लादलेल्या मालगाड्या जाताना आपण पाहतो. पेटाऱ्यात कापूस आहे की यंत्रे, ह्याच्याशी गाडीला कर्तव्य नसते. सर्व पेटारे एका मापाचे, म्हणून तोच पेटारा जहाजावर चढतो, रेल्वेवर बसतो आणि ट्रकवरही जातो. १९५६ साली माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर असे ५८ पेटारे लादून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविले, आणि तेव्हापासून मालवाहतुकीची रीतच बदलली. आपल्या महाराष्ट्रात १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तेही मुख्यतः ह्या पेटाऱ्यांसाठीच.

संगणकाच्या जगातही नेमके हेच घडले. पूर्वी एखादी आज्ञावली एका संगणकावर चाले आणि दुसऱ्यावर नेली की रुसून बसे, कारण तिला लागणारे बाकीचे साहित्य तेथे नसे. २०१३ साली 'डॉकर' हे साधन आले आणि आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एका पेटाऱ्यात भरून कोठेही नेण्याची सोय झाली. ह्या पेटाऱ्याला 'कंटेनर' हेच नाव मिळाले. पण पेटारे झाले शेकडो, आणि ते चालवायचे अनेक संगणकांच्या ताफ्यावर. कोणता पेटारा कोणत्या संगणकावर ठेवावा, एखादा बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा कोणी उभा करावा, गर्दी वाढली तर दोनाचे सहा कोणी करावेत? ही व्यवस्था पाहणारी आज्ञावली गूगलने २०१४ साली जगापुढे ठेवली. तिचे नाव 'कुबरनेटीस'. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे कर्णधार.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. 'सुकाणू' हा आपला मराठी शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलेला आहे. कोकणातला 'नाखवा' हा फार्सी 'नाखुदा' आहे. आणि अरबी समुद्रातील गलबतांना वाट दाखविणाऱ्या जाणत्यास 'मुअल्लिम' म्हणत असत. त्या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक! तेव्हा ही विद्या परकी आहे, आपल्या भाषेत तिला शब्द नाहीत, असे कोणी म्हटले तर ते मानू नका.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. कुबरनेटीसला काम सांगायचे तर लेखी सांगावे लागते. कोणता पेटारा, किती प्रती, किती स्मृती, बाहेरच्या माणसाने कोणत्या दाराने आत यावे, हे सारे 'यॅमल' नावाच्या पद्धतीने लिहावे लागते. साध्या एका कामाला असे पाच-सात कागद लागतात, आणि ओळीच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा चुकली तरी अर्थ बदलतो. शिवाय तेच काम चाचणीसाठी एकदा, प्रत्यक्ष वापरासाठी दुसऱ्यांदा, निराळ्या आकड्यांनी उभे करायचे, म्हणजे सारे कागद पुन्हा लिहायचे. ह्या त्रासातून 'हेल्म' जन्मास आले. डेइस नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीतील मंडळींनी २०१५ साली ते रचले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत लोकांपुढे मांडले. 'हेल्म' म्हणजेही सुकाणूच. ते पूर्णपणे विनामूल्य आहे आणि त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो.

हेल्म समजावून सांगताना मला अब्बांचे गुऱ्हाळ आठवते. आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळ कोणाला सांगायला नको. माझे अब्बा गुळव्या होते. रस काहिलीत चढवायचा, चुलवाणात चिपाड सारायचे, भेंडीच्या पाण्याने मळी वर आणून काढायची, चुन्याची निवळी घालायची, पाक पाण्यात टाकून गोळी पाहायची आणि मग काहील वाफ्यात ओतायची. हा क्रम ठरलेला. तो कधी बदलत नाही. बदलते काय? ऊस कोणत्या जातीचा, रस किती, चुना किती. म्हणजे रीत एक आणि त्या दिवसाची मापे निराळी.

हेल्मने हेच केले. रीत एका ठिकाणी लिहून ठेवली आणि मापे दुसऱ्या ठिकाणी. रीत व मापे मिळून जे गाठोडे होते त्याला 'चार्ट' म्हणतात. चार्ट म्हणजे दर्यावर्दी माणसाचा नकाशा. आपण त्याला तक्ता म्हणू. तक्त्यात तीन गोष्टी मुख्य असतात. पहिली, तक्त्याचे नाव व आवृत्ती सांगणारी नोंद. दुसरी, 'टेम्प्लेट्स', म्हणजे जागा मोकळ्या सोडलेले नमुने. तिसरी, 'व्हॅल्यूज' नावाची फाइल, म्हणजे त्या मोकळ्या जागांत भरायची मूल्ये. एका तक्त्याला दुसऱ्या तक्त्याची गरज असेल, जसे अर्ज घेणाऱ्या आज्ञावलीला माहिती साठविणारी आज्ञावली लागते, तर तेही त्यातच लिहून ठेवता येते आणि हेल्म दोन्ही बरोबर आणते.

आता वापर. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकलिखित करावी लागते. यंत्रावर ती रोमन अक्षरांत लिहितात, येथे मी आपल्या अक्षरांत सांगते. 'हेल्म रेपो ॲड' म्हटले की तक्त्यांचे एखादे भांडार आपल्या यादीत येते. 'हेल्म सर्च' म्हटले की हवा तो तक्ता शोधता येतो. 'हेल्म शो व्हॅल्यूज' म्हटले की त्या तक्त्याची सर्व मापे डोळ्यांपुढे येतात. पुष्कळजण ही पायरी गाळतात, आपण गाळू नये. मग 'हेल्म इन्स्टॉल', त्यापुढे आपण दिलेले नाव, तक्त्याचे नाव आणि आपली मूल्यांची फाइल. एवढ्याने पाच-सात कागदांचे काम एका ओळीत होते. जे उभे राहिले त्यास 'रिलीज' म्हणतात. एकाच तक्त्यातून निरनिराळ्या नावांची कितीही रिलीजे काढता येतात, जशा एकाच रीतीने कितीही ढेपा.

पुढे बदल करायचा झाला तर 'हेल्म अपग्रेड'. प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो आणि त्याची नोंद ताफ्यातच राहते. नेहमीच्या मांडणीत शेवटच्या दहा नोंदी ठेवल्या जातात. 'हेल्म हिस्टरी' म्हटले की त्या दिसतात. बदल बिघडला तर 'हेल्म रोलबॅक' आणि मागचा क्रमांक. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. सातव्यावरून सहाव्यावर परत गेलो तर वहीतले सातवे पान फाडले जात नाही. सहाव्याची नक्कल करून आठवे पान लिहिले जाते. चांगल्या कारकुनाच्या रोजकीर्दीत खाडाखोड नसते, दुरुस्तीची नवी नोंद असते, तसेच हे.

ही सर्व सोय पाहून कोणासही वाटेल, की मग चूक होणारच कशी? ती कशी होते हे मी आता सांगणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

नोकरीला लागून मला वर्षही झाले नव्हते. ज्या कंपनीत मी होते, तिच्याकडे एका प्रवेशप्रक्रियेचे अर्ज भरून घेण्याचे काम होते. शेवटचा दिवस होता. संध्याकाळी गर्दी वाढली. वरिष्ठांनी सांगितले, "प्रती दोनाच्या सहा कर." मी लगेच 'हेल्म अपग्रेड' लिहिले आणि पुढे एवढेच जोडले, की प्रतींची संख्या सहा. आज्ञा यशस्वी झाली असे यंत्राने कळविले. मी खुशीत होते. दोन मिनिटांत फोन खणखणू लागले. अर्जाचे पान उघडतच नव्हते.

झाले होते ते असे. अपग्रेड करताना आपण एकही नवे मूल्य दिले नाही तर हेल्म मागची मूल्ये जशीच्या तशी धरते. पण एक जरी नवे मूल्य दिले आणि जुनी राखण्यास स्पष्ट सांगितले नाही, तर आपण आधी दिलेली सर्व मूल्ये बाजूला पडतात आणि तक्त्यातील मूळची मापे लागू होतात. आमच्या फाइलीत चाळीसेक ओळी होत्या. त्यांत बाहेरच्या जगासाठी दार उघडणारी नोंद होती. मूळ तक्त्यात ते दार बंदच होते. मी प्रती सहा मागितल्या आणि दाराला कुलूप घातले.

माझे हात कापत होते. शेजारच्या मेजावरील सहकारी म्हणाली, "काही टाइप करू नकोस. आधी हिस्टरी बघ." नोंदी पाहिल्या, सहावी चांगली होती. 'रोलबॅक' केले. पान उघडले. अकरा मिनिटे गेली होती. अकरा मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे आपणास वाटेल. पण मला माझेच दिवस आठवले. अब्बा कामावरची खाडी करून माझा अर्ज भरायला माझ्याबरोबर आले होते, आणि दुकानातला मुलगा "साइट बंद आहे, उद्या या" म्हणाला होता. त्यांची ती दिवसभराची मजुरी गेली होती. त्या संध्याकाळी माझ्यामुळे असा कोणाचा बाप कोठल्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिला असेल, हे मला आजही माहीत नाही.

रात्री घरी आले तेव्हा अब्बांना सगळे सांगितले. त्यांना हेल्म काय ठाऊक! ऐकून घेऊन ते म्हणाले, "बेटा, चुना नेहमी थोडा कमी टाकावा आणि बघावे. कमी पडला तर वर घालता येतो. पडलेला चुना काहिलीतून काढता येत नाही." माझ्या धंद्याविषयी इतके नेमके वाक्य मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

त्या दिवसापासून मी जे नियम पाळते, ते विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत. पहिला, मूल्यांची फाइल एकच असावी, ती नोंदवहीसारखी जपून ठेवावी, आणि प्रत्येक अपग्रेडला पूर्ण फाइल द्यावी. घाईघाईत एखादे मूल्य तोंडी दिल्यासारखे देऊ नये. दुसरा, आधी रंगीत तालीम करावी. 'हेल्म टेम्प्लेट' किंवा 'ड्राय-रन' म्हटले की प्रत्यक्षात काही न बदलता काय होणार ते दिसते. तिसरा, सध्या कोणती मूल्ये लागू आहेत ते 'हेल्म गेट व्हॅल्यूज'ने पाहून मगच हात घालावा. चौथा, आणि हा चुन्याचा नियम आहे, रोलबॅकने मांडणी मागे जाते, माहिती मागे जात नाही. नव्या आवृत्तीने साठ्यातील नोंदी बदलल्या किंवा पुसल्या असतील, तर हेल्म त्या परत आणून देणार नाही. त्याची प्रत वेगळी काढलेली असली पाहिजे. पाचवा, परवलीचे शब्द मूल्यांच्या फाइलीत उघडे लिहून ती फाइल सार्वजनिक ठिकाणी ठेवू नये.

हेल्मच्या स्वतःच्या इतिहासातही एक धडा आहे. दुसऱ्या आवृत्तीत ताफ्याच्या आत 'टिलर' नावाचा एक कारभारी बसविलेला असे. त्याच्याकडे बहुधा सर्व खोल्यांच्या किल्ल्या असत. ज्याला टिलरपर्यंत पोचता येई, त्याला मग सगळेच करता येई. २०१९ च्या नोव्हेंबरात तिसरी आवृत्ती आली तेव्हा हा कारभारी काढून टाकला. आता आज्ञा देणाऱ्या माणसाला जेवढा अधिकार, तेवढेच हेल्म करू शकते. चौथी आवृत्ती २०२५ साली आली, तीतही हे तत्त्व कायम आहे.

दुसरा धडा अलीकडचा. 'बिटनामी' ह्या नावाने मिळणारे तयार तक्ते व पेटारे जगभर लोक विनामूल्य वापरीत. २०२५ साली त्याची मालकी असलेल्या ब्रॉडकॉम कंपनीने धोरण बदलले. बहुतेक जुने पेटारे एका वेगळ्या साठ्यात हलविले आणि त्यांना पुढील दुरुस्त्या मिळणे बंद झाले. ज्यांनी तक्ता न वाचता नुसता उचलला होता, त्यांची धावपळ झाली. ज्यांना तक्ता वाचता येत होता, त्यांनी पेटाऱ्याचा पत्ता मूल्यांत बदलला किंवा दुसरा तक्ता घेतला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे सोपे असते, पण जाते कोठे आहे ते ठाऊक असावे.

आता आपण म्हणाल, हे सारे अमेरिकेचे. तसे नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्या थोर शास्त्रज्ञाने ती उभी केली. ती चालविणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. सध्या ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे 'एसकेए' नावाची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली जात आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोटे अँटेना. तिच्या बांधकामाचा समारंभपूर्वक आरंभ ५ डिसेंबर २०२२ रोजी झाला आणि भारताने आपल्या सहभागासाठी सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले. ह्या दुर्बिणीला आज्ञा देणारी व तिच्यावर लक्ष ठेवणारी आज्ञावली लिहिण्यात ह्या पुण्याच्या केंद्राचा व तेथील सॉफ्टवेअर कंपन्यांतील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या चमूंची नावे 'सह्याद्री' आणि 'हिमालय' अशी आहेत. आणि ही आज्ञावली ताफ्यावर चढविली जाते ती हेल्मच्या तक्त्यांतून! ज्या तबकड्या अजून उभ्या राहावयाच्या आहेत, त्यांच्या जागी नकली तबकड्या मूल्ये बदलून लावता येतात आणि आज्ञावलीची परीक्षा घेता येते. पुण्यात बसून आफ्रिकेतील तबकडीची तालीम करता येते, ती अशी.

आणखी जवळचे उदाहरण आपल्या दप्तरात आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेला चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड 'दीक्षा' ह्या व्यासपीठाकडे नेतो. दीक्षा २०१७ साली सुरू झाली. ती 'सनबर्ड' नावाच्या मुक्त आज्ञावलीवर उभी आहे आणि सनबर्ड उभारण्याच्या साहित्यात हेल्मचे तक्ते आहेत. ते कोणालाही उघडून वाचता येतात. म्हणजे ज्या मुलाने सकाळी पुस्तकातला कोड मोबाइलने टिपला, त्यालाच संध्याकाळी त्यामागची यंत्रणा कशी उभी राहते तेही पाहता येते. त्यासाठी फी नाही आणि कोणाची परवानगीही नाही.

मित्रहो, शिकण्यास काय लागते तेही सांगते. मोठा ताफा लागत नाही. 'मिनीक्यूब' नावाचे विनामूल्य साधन एकाच संगणकावर छोटा ताफा उभा करून देते. त्याला दोन गिगाबाइट मोकळी स्मृती आणि वीस गिगाबाइट जागा पुरते. जुना, दुसऱ्या हाताचा संगणकही चालतो. त्यावर 'हेल्म क्रिएट' म्हणावे, नमुन्याचा तक्ता तयार होतो. तो उघडून ओळन् ओळ वाचावा. 'हेल्म लिंट'ने चुका तपासाव्यात. मग बसवावा, मुद्दाम बिघडवावा, परत मागे न्यावा, शेवटी 'हेल्म अनइन्स्टॉल'ने काढून टाकावा. बिघडविण्याची भीती येथेच मोडून घ्या. नोकरीत बिघडविणे महागात पडते.

इंग्रजीची धास्ती अनेकांना वाटते. मला फार वाटत असे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. ह्या विद्येत वापरात येणारे इंग्रजी शब्द शे-दोनशेच आहेत. ते पाठ होतात. जे पाठ होत नाही ते म्हणजे धीर धरून वाचण्याची सवय, आणि ती भाषेची मिंधी नाही. मुलींच्या पालकांना एक विनंती करते. माझी नोकरी ठरली तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली होती, की रात्री-बेरात्री कामे निघतात, मुलीच्या जातीला हे कसे झेपायचे? अब्बा एवढेच म्हणाले, "काहील काय दिवसा-रात्रीचा भेद बघते?" त्या एका वाक्याने माझी वाट मोकळी झाली.

संस्थेच्या विश्वस्तांनाही एक नम्र सूचना आहे. शाळेच्या संगणक-खोलीत दोन यंत्रे अशी राखून ठेवावीत, की जी मुलांनी बिघडवली तर कोणी रागावणार नाही. दर महिन्याच्या एका रविवारी मी स्वतः येऊन शिकवीन. अकरा मिनिटांचे ते देणे माझ्या डोक्यावर अजून आहे. ते अशाच रीतीने फिटेल असे मला वाटते.